गुरुजींचं मन शाळेत का लागत नाही? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर बहुतेक सगळ्यांचा विषय एकच निघाला, सरकारी शाळेतल्या शिक्षकाचं मन कामात कशाने लागतं आणि कशाने उडतं. शिक्षकांनी लिहिलंय, पालकांनी लिहिलंय, एका मुख्याध्यापकांनी तर चार पानं लिहिलीत (त्यातली मी चारच ओळी घेतल्यात, सर रागावू नका). सातारा-सांगलीकडची पत्रं निवडलीयेत, नावं नेहमीप्रमाणे काढलीत.

प्रश्न : सर नमस्कार. मी जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते चौथी, पट २३. नोकरीला लागले तेव्हा रविवारी पण डोक्यात शाळाच असायची, भिंती स्वतः रंगवल्यात, शब्दकार्डं रात्री बसून कापलीत. आता दोनेक वर्षं असं झालंय की मेढ्याहून निघतानाच पाय जड होतात. मुलं अजून आवडतात. पण जरा शिकवायला घेतलं की ग्रुपवर मेसेज, तात्काळ भरा, निरंक असेल तर निरंक कळवा. शाळेत फॉर्म उघडण्याइतकी रेंज नाही, मग ते घरी जाऊन रात्री भरायचं. त्यात बीएलओ (मतदारयादीचं काम बघणारी बूथ अधिकारी) पण केलंय मला. मिस्टर म्हणतात पगार मिळतोय ना, एवढं मनाला कशाला लावून घेतेस. मी आळशी झालेय का? का हे कामच मला झेपत नाही?

उत्तर : ताई, आळशी माणसाला रविवारी शाळा डोक्यात नाही याचं वाईट वाटत नाही, त्यामुळे तो विषय इथंच संपवू.

कामात मन लागणं म्हणजे नक्की काय हे मोजायचा प्रयत्न नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठातल्या शाउफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली केला, त्यांची प्रश्नावली आज जगभर वापरतात. ते तीन गोष्टी बघतात. अंगात जोर आहे का, म्हणजे सकाळी उठून कामावर जावंसं वाटतं का. आपण करतोय ते मोलाचं आहे, त्याचा अभिमान आहे असं वाटतं का. आणि काम करताना वेळेचं भान हरपतं का. तुमचं पत्र मी याच तीन गोष्टी डोक्यात ठेवून पुन्हा वाचलं. मुलं आवडतात, म्हणजे दुसरी गोष्ट शाबूत आहे. तिसरी मोडलीय, आणि ती तुम्ही मोडलेली नाही, दर पंधरा मिनिटांनी मोबाईल वाजला तर कुणाचंही भान हरपत नाही, ते उलट ठिकाणावर येतं आणि तिथंच थांबतं. आणि तिसरी रोज मोडत राहिली की हळूहळू पहिली जाते, त्यालाच तुम्ही पाय जड होणं म्हणताय.

आता कारणाचं बघू. २००१ साली डेमेरूटी, बाकर वगैरे मंडळींनी एक साधा हिशेब मांडला. प्रत्येक कामाच्या एका बाजूला मागण्या असतात, दुसऱ्या बाजूला आधार असतो. मागण्या म्हणजे पट, दोन-दोन वर्ग एकत्र, हिशेब, घाई, प्रवास. आधार म्हणजे सोबतीचा शिक्षक, वरिष्ठांचा पाठिंबा, आपल्या वर्गात आपल्या मनासारखं करायची मोकळीक, आपण केलेलं चांगलं झालं हे कुणीतरी सांगणं. मागण्या वाढत गेल्या की माणूस थकतो, आणि आधार आटला की मन उडतं. तुमच्या बाबतीत दोन्ही एकदम झालंय, पण उपाय करताना दोन्ही वेगळे धरावे लागतात.

यातला मला सगळ्यात पटलेला अभ्यास फिनलंडचा आहे. २००७ साली छापून आला, ८०५ शिक्षक होते. मुलं वर्गात त्रास देतात ही त्यांच्या डोक्यावरची मागणी. तर दिसलं असं, की जिथं मुलांचा त्रास जास्त होता तिथंच वरिष्ठांचा पाठिंबा, कौतुक आणि शाळेतलं खेळीमेळीचं वातावरण यांचा उपयोग जास्त झाला. म्हणजे आधाराची खरी किंमत कळते ती अवघड शाळेत. आणि आपल्याकडे बघा, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणारे) आणि त्यांच्यावरचे विस्तार अधिकारी जास्त वेळा कुठं जातात? डांबरी रस्त्यावरच्या शाळेत. घाट चढून बामणोलीच्या बाजूला कितीजण जातात, आणि गेले तर वर्गात बसतात की फक्त शेरेबुक लिहून खाली उतरतात, हे तुम्हालाच माहीत. मी स्वतः शिक्षण खात्यात होतो, म्हणून हे आतल्या माणसाचं म्हणणं समजा.

अशैक्षणिक कामाबद्दल कायदा काय म्हणतो ते पण माहीत असू द्या, कारण अर्धे शिक्षक सगळंच बेकायदेशीर समजतात आणि अर्धे सगळंच निमूट करतात. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७. दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण, आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ, संसद यांच्या निवडणुकीची कामं, एवढी सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम लावता येत नाही. तेव्हा निवडणुकीचं काम सरसकट नाकारता येणार नाही. पण २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने मतदारयादीच्या आणि निवडणुकीच्या कामाबद्दल सांगितलंय की शिक्षकांना ते सुट्टीच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं, एरवी शाळेच्या तासात काढून नेऊ नये. तहसीलला हे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, चार शाळांनी मिळून लेखी द्या.

राहिलं पोर्टल आणि लिंका. यू-डायसला (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल) एकदा भरलेलं परत एक्सेलमध्ये, तेच परत गुगल फॉर्ममध्ये, तेच परत फोटो काढून ग्रुपवर. वेळ जातो हे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे माणसाला असं वाटायला लागतं की मी शिकवलं की नाही याला कुणी विचारत नाही, मी भरलं की नाही यालाच विचारतात. इथं अभिमानाची गोष्ट पण हलायला लागते, ती हलायच्या आधी काहीतरी करा.

करायचं काय? तुमचा पट २३, शिक्षक दोन. सकाळचा पहिला दीड तास दोघांनी फोन कपाटात ठेवायचा, हे केंद्रप्रमुखांना आधी सांगून ठेवायचं, अकरानंतर माहिती मिळेल म्हणून. सुरुवातीला बोलतील, नंतर सवय होते. माहिती भरायचं काम आठवड्याने आलटून पालटून, म्हणजे एका आठवड्यात तरी एकाचं डोकं मोकळं. वर्ग वाटून घेतलेत तसे विषयही बदलून बघा, भाषा तुमच्या हातचा मळ असेल तर चारही वर्गांची भाषा तुम्ही घ्या, गणित त्यांना द्या. आणि पुढच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) हा विषय तुम्ही एकट्या काढू नका, दोन-तीन शाळांनी मिळून काढा, एकटी बोलली की तक्रारखोर ठरते.

अजून एक, झोप लागत नाही, रडू येतं, शाळेबाहेरच्या कशातच रस राहिला नाही असं आठवडेच्या आठवडे होत असेल तर ते शाळेपुरतं राहिलेलं नाही, डॉक्टरांना दाखवा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या.

प्रश्न : सायेब, मी जत तालुक्यातला शेतकरी. आमच्या वस्तीवरच्या शाळेत माझी दोन पोरं. मास्तर येत्यात, पण मन नसतंय त्यांचं. आम्हाला दिवसाला चारशे रुपय मिळायची मारामार अन् ह्यांना सत्तर-ऐंशी हजार. तुमी म्हणताय मन लागाय पायजे. एवढा पगार घेऊन मन लागत नसंल तर पगार कमी करा, नायतर क्यामेरा बसवा. काय चुकीचं बोललो का?

उत्तर : दादा, राग रास्त आहे, उपाय मात्र तपासून बघूया.

पगाराचं आधी. इंडोनेशियात सरकारने २००५ च्या कायद्याने पात्र शिक्षकांचा मूळ पगार जवळपास दुप्पट करायचा कार्यक्रम काढला, आणि संशोधकांनी ३६० शाळांवर त्याचा नीट प्रयोग करून बघितला. शिक्षक जास्त समाधानी झाले, पैशाची चिंता कमी झाली, बाहेरचं दुसरं काम करणं घटलं. पण दोन-तीन वर्षांनी बघितलं तर शिकवण्याच्या मेहनतीत आणि मुलांच्या गुणांत काही फरक नाही. म्हणजे तुमचं अर्धं बरोबर, नुसता पगार वाढवून मन लागत नाही. पण पगार कमी करून लागेल हे मात्र कुठंच दिसत नाही. आपल्याकडेच शिक्षणसेवक म्हणून नवीन पोरांना कितीतरी वर्षं महिना ६,००० रुपयांवर राबवून घेतलं, जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,००० झालं. ६,००० मध्ये खोलीभाडं देऊन मन कसं लावणार सांगा. पगार हा पायाखालचा दगड आहे, तो हलला की माणूस घसरतो, पण दगड घट्ट आहे म्हणून कुणी नाचायला लागत नाही.

कॅमेऱ्याचं. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात एका संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांवर हे केलं होतं, शिक्षकाने शाळा उघडताना आणि बंद करताना मुलांबरोबर तारखेचा फोटो काढायचा आणि पगार त्या दिवसांवर. कॅमेरा नसलेल्या केंद्रांवर गैरहजेरी ४२ टक्के होती, कॅमेरा असलेल्यांवर २१, आणि मुलंही जास्त शिकली. तेव्हा मास्तर येतच नसेल तिथं कॅमेरा कामाचा आहे, मी नाही म्हणणार नाही. पण तुम्हीच लिहिलंय, मास्तर येत्यात. २००३ साली देशभर अचानक भेटी देऊन सरकारी प्राथमिक शाळांची मोजणी झाली होती, देशात सरासरी २५ टक्के शिक्षक जागेवर नव्हते, झारखंडात ४२ च्या आसपास, आणि सगळ्यात कमी महाराष्ट्रात, १४.६ टक्के. ते आकडे जुने आहेत, तरी आपला रोग गैरहजेरीचा कमी आणि हजर राहून विझल्यासारखं राहण्याचा जास्त, असं माझं मत. विझलेल्या माणसावर कॅमेरा लावला तर विझलेला माणूस स्पष्ट दिसेल, एवढंच.

आता मास्तरांच्या बाजूने एक गोष्ट बघा. जतकडे दिवाळी झाली की टोळ्या निघतात, ऊसतोडीला आईबाप जातात, लेकरं बरोबर जातात. ज्या मुलाला जून ते ऑक्टोबर अक्षर-अक्षर जोडून वाचायला आणलं ते नोव्हेंबरात बाकावर नाही, मार्चमध्ये येतं तेव्हा निम्मं विसरलेलं. असं लागोपाठ काही वर्षं झालं की चांगल्या शिक्षकाला पण वाटतं, कशाला. आपल्या कष्टाने पोर पुढे सरकलं हे डोळ्यांनी दिसणं, यासारखं दुसरं इंधन शिक्षकाला नाही, आणि तेच तिथं मिळत नाही. हंगामी वसतिगृहाची योजना त्यासाठीच आहे, आईबाप गेले तरी पोर गावातच जेवून-राहून शिकतं. ते तुमच्या गावात चालू आहे का, का फक्त कागदावर, हे तुम्ही विचारू शकता, मास्तर एकट्याने नाही विचारू शकत.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत आहात का? तिच्यात पाऊण सदस्य पालक लागतात, कायद्याने. बहुतेक गावात सह्या घ्यायला रजिस्टर घरी फिरतं. तुम्ही बैठकीला जा आणि पहिल्या बैठकीत पगार काढू नका, विचारा की तिसरीतली किती पोरं गोष्ट वाचतात, न वाचणारी कोण, आणि आम्ही घरी काय करू. मास्तर आधी बिचकेल, पण कुणीतरी शिकवण्याबद्दल विचारलं याचंच त्याला नवल वाटेल.

प्रश्न : माण तालुक्यात सातवीपर्यंतच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे. सात शिक्षक. तिघं जीव तोडून करतात, दोघं ठीक, दोघांना कशाचंच काही नाही, घंटा झाली की गाडीला किक. समजावून झालं, कारणे दाखवा नोटीस देऊन झाली. काय करू?

उत्तर : सर, तुमच्या चार पानांत एक वाक्य मला खटकलं, तुम्ही लिहिलंय की "जे करतात त्यांच्यावरच मी सगळं सोपवतो, कारण भरवसा आहे." शाळेतलं कुठलंही किचकट काम, पोषण आहाराचा हिशेब, शालार्थ (पगाराची ऑनलाइन बिलं), नवोदय प्रवेश परीक्षेचा वर्ग, स्नेहसंमेलन, पाहुणे आले की सूत्रसंचालन, सगळं त्या तिघांवर. म्हणजे चांगलं काम केल्याचं बक्षीस अजून काम, आणि न केल्याचं बक्षीस सुट्टी. त्या दोघांची काळजी तुम्ही करताय, मला त्या तिघांची वाटतेय, दोन वर्षांनी तेही गाडीला किक मारतील. कामाची वाटणी आधी फळ्यावर लिहून काढा, सगळ्यांसमोर. अन्याय होतोय ही भावना मन उडवायला पगारापेक्षा लवकर काम करते.

मग त्या दोघांकडे वळा. बांडुरा म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७७ मध्ये मांडलं की मला हे जमतं असा विश्वास माणसाला मुख्यतः कशाने येतो, तर स्वतः एकदा जमवून दाखवल्याने, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला जमलेलं बघून. उपदेशाचा नंबर नंतर येतो. तुम्ही उपदेशाने सुरुवात करून नोटिशीवर गेलात. ज्याला कशाचंच काही नाही असं आपण म्हणतो, त्याला बऱ्याच वेळा आपण शिकवल्याने काही होतं यावरचा विश्वासच उडालेला असतो, तो बेफिकिरीचं सोंग घेतो कारण जमत नाही म्हणण्यापेक्षा करत नाही म्हणणं सोपं. त्याला अख्खा वर्ग प्रगत करा म्हणू नका. तिसरीतली वाचन अडलेली पाच पोरं द्या, दिवाळीपर्यंत, बाकी काही मागू नका, आणि दर शनिवारी तुम्ही स्वतः जाऊन त्या पाचांचं वाचन ऐका. झालं तर त्याला नेमकं सांगा, अमक्या पोरीला तुम्ही जोडाक्षरं कशी घेतली ते मला आवडलं. परिपाठाला सगळ्यांसमोर "छान काम" म्हणण्याने काही होत नाही, ते सगळ्यांना रोज म्हणता येतं.

आपल्यासारख्याला जमलेलं बघून शिकणं, याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. सातारा तालुक्यातलं कुमठे बीट (एका विस्तार अधिकाऱ्याखालच्या शाळांचा गट) आठवा. साध्या जिल्हा परिषदेच्या शाळा, तीच पोरं, तेच शिक्षक, ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायचं अशा पद्धतीने, काम सुरू केलं आणि राज्यभरातले शिक्षक गाड्या करून बघायला यायला लागले. २२ जून २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला त्याच्या मागेपुढे तर रीघ लागलेली. मला त्यात शिकण्यासाठी वर्गाच्या फरशीवर रंगवलेल्या आखणीपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते, तिथं एकेकट्या हुशार शिक्षकाची शाळा नव्हती, अख्खं बीट एकमेकांच्या वर्गात डोकावत होतं, आणि विस्तार अधिकारी माहिती मागायला यायच्याऐवजी वर्गात बसत होते. नंतर काय झालं तेही सगळ्यांना माहीत आहे, बघून गेलेल्या लोकांनी गावोगावी फरशा रंगवल्या आणि डोकावणं तेवढं राहून गेलं. तुम्ही फरशी रंगवू नका. आठवड्यातून एक तास एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात मागे बसायचं, शेरा लिहायचा नाही, एवढं सुरू करा, तो रिकामा झालेला वर्ग तुम्ही सांभाळा.

स्टाफ मीटिंगबद्दल पण बोलतो. १९९० मध्ये कान नावाच्या संशोधकाने, तेही मुलांच्या उन्हाळी शिबिरातले कार्यकर्ते आणि एक आर्किटेक्ट कंपनी बघून, सांगितलं की माणूस कामात स्वतःला ओततो तेव्हा त्याच्या मनात तीन गोष्टी ठीक असतात. याने काही फरक पडतो का, इथं मनातलं बोललो तर माझं हसं तर होणार नाही ना, आणि माझ्यात आत्ता तेवढं त्राण आहे का. दुसरी गोष्ट पूर्ण तुमच्या हातात आहे. तुमच्या मीटिंगमध्ये तुमच्याशिवाय कोण बोलतं, हे पुढच्या वेळी मोजा.

आणि हे सगळं वर्षभर करूनही एखादा हलला नाही तर सेवा नियम आहेत, वापरा. फक्त तुमची सगळी ताकद त्या एकावर घालवू नका.

प्रश्न : मी जतला, बायको पाटण तालुक्यात. दोघंही शिक्षक, लेकरू कराडला आजीकडे. आंतरजिल्हा बदलीची वाट बघून थकलो. शाळेत काय मन लागणार?

उत्तर : नाही लागणार, आणि तुम्हाला कुणी प्रेरणादायी व्याख्यान द्यायला आलं तर सरळ उठून जा. वर ज्या तीन गोष्टी सांगितल्या त्यातली शेवटची, त्राण, ती रोज रात्रीच्या व्हिडिओ कॉलमध्ये संपत असणार.

२७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानंतर जिल्ह्यातल्या बदल्या ऑनलाइन झाल्या, पती-पत्नी एकत्र यावेत म्हणून विशेष संवर्ग भाग दोन आला, दुर्गम शाळांचं अवघड क्षेत्र ठरलं. बदलीसाठी कुणाच्या तरी बंगल्यावर जाऊन बसायचे ते बरंच थांबलं, यासाठी मी त्या पद्धतीच्या बाजूने आहे. पण जिल्हा बदलायचा म्हणजे जागा, बिंदूनामावली (आरक्षणानुसार जागांची यादी), कार्यमुक्ती, सगळंच कुणाच्या तरी हातात, आणि ज्याच्यावर आपला ताबा नाही अशा गोष्टीची वाट बघण्यात माणूस सगळ्यात जास्त झिजतो. तिथं मी काही सुचवू शकत नाही.

एकच सांगतो. सीमेवरच्या गावात असाल तर वर्गात घरी कन्नड बोलणारी पोरं असतील. आलोच आहे तर चार महिने म्हणत दिवस काढण्यापेक्षा त्यांच्याकडून रोज पाच कन्नड शब्द शिका, त्या पोरांना आपण गुरुजींना शिकवतोय याची जी मजा वाटते ती बघून तुमचा दिवस थोडा हलका जाईल. बदलीचा अर्ज मात्र दर वेळी भरत राहा.

प्रश्न : वय ४७, तासगाव. इतकी वर्षं शिकवलं आणि आता टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्या म्हणतात. अपमान वाटतो. वर्गात जायची इच्छाच मेली.

उत्तर : अपमान वाटणं साहजिक आहे सर. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ सप्टेंबर २०२५ चा. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलीत त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, ज्यांची त्याहून कमी राहिलीत त्यांना नोकरीत राहायला सूट, पण बढती हवी असेल तर पास. तुमच्या ५८ व्या वर्षीच्या निवृत्तीला अजून बराच वेळ आहे, त्यामुळे तुम्ही पहिल्या गटात.

संघटना काय करायचं ते करेल, तोवर तुम्ही त्या परीक्षेकडे कुठल्या नजरेने बघता यावर बरंच अवलंबून आहे. अमेरिकेत २०१० मध्ये जुने बरेच अभ्यास एकत्र करून बघितले होते, कामातल्या सगळ्याच मागण्या मन उडवत नाहीत. जी मागणी माणसाला आव्हान वाटते तिच्याने मन उलट लागतं, आणि जी नुसता अडथळा वाटते, कागद, लालफीत, अस्पष्ट हुकूम, तिच्याने उडतं. टीईटी आज तुम्हाला अडथळा वाटतेय, आणि ती ज्या पद्धतीने डोक्यावर आली ते बघता चूक तुमची नाही. पण परीक्षा १५० गुणांची, पास व्हायला खुल्या गटाला ६० टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि बालमानसशास्त्राचे प्रश्न तुम्ही रोज वर्गात जगताय त्यावरचेच. एकट्याने घरी लपून अभ्यास करू नका, लाज तिथं वाढते. केंद्रातले सहा-सातजण शनिवारी शाळा सुटल्यावर बसा, आणि जमलं तर नुकतीच टीईटी पास होऊन आलेली एखादी शिक्षणसेवक मुलगी बोलवा शिकवायला. तिलाही बरं वाटेल.

प्रश्न : सर मी कडेगावकडे नवीन शिक्षणसेवक. मला काम भारी आवडतं, पण स्टाफमधले सीनियर म्हणतात, तीन वर्षांत उतरतं सगळं. खरंय का?

उत्तर : त्यांचं उतरलं एवढं खरं आहे. उत्साह आणि मरगळ दोन्ही लागट असतात, त्यामुळे डबा कुणाबरोबर खाता याला फार महत्त्व आहे बघा. शाळेत कुणी नसेल तर केंद्रातला एखादा धरा, महिन्यातून एकदा त्याच्या शाळेवर जा. आणि सीनियरना "तुमचं कधी उतरलं?" असं एकदा खरंच विचारा, चेष्टेत नको. त्यांच्या उत्तरात एखाद्या साहेबाचं, एखाद्या बदलीचं, एखाद्या वाया गेलेल्या उपक्रमाचं नाव निघेल, ते ऐकून ठेवा, तुम्ही उद्या मुख्याध्यापक व्हाल तेव्हा उपयोगी पडेल.

प्रश्न : आमच्या तालुक्यात शिक्षकांचं मनोबल वाढवायला दोन दिवसांचं ध्यान आणि प्रेरणा शिबिर घ्यायचं ठरतंय. आपलं मत? (एक विस्तार अधिकारी, सांगली जिल्हा)

उत्तर : साहेब, ध्यानाने माणसाला बरं वाटतं, करू द्या. पण दोन दिवसांनी तो परत त्याच ग्रुपवर येणार आहे ज्यावर रात्री साडेनऊला तात्काळचा मेसेज पडतो, आणि तो मेसेज बहुतेक तुमच्याच कार्यालयातून पडतो. शिबिराआधी एक करून बघा, गेल्या महिन्यात तालुक्यातून शाळांकडे किती वेळा माहिती मागवली आणि त्यातली किती आपल्याकडे आधीच होती, याची यादी एखाद्या क्लार्कला काढायला सांगा. आणि शिबिर घ्यायचंच असेल तर रविवारी घेऊ नका, त्या दोन दिवसांत कुठली लिंक पाठवू नका, आणि उपस्थितीचे जिओ-टॅग फोटो मागू नका.